शाळेत आलेलं मूल शाळेत रुळलं का?

मार्च २०२०च्या मध्यावर कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवीचे वर्ग काही भागांत उघडले, पण दुसऱ्या लाटेने त्यांनाही कुलूप लावलं. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासूनची आणि शहरांत आठवीपासूनची मुलं पुन्हा बाकांवर बसली. पहिली-दुसरीच्या वाट्याला १ डिसेंबर उजाडला. मुंबईत १५ डिसेंबर, पुण्यात १६. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद, २४ जानेवारी २०२२ला पुन्हा सुरू. मुंबईतल्या सात वर्षांच्या मुलाने जवळपास एकवीस महिने शाळेविना काढले. म्हणजे तोवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा.

शाळा उघडल्यावर घरोघरी आणि शिक्षकांच्या खोलीत एकच चिंता होती: अभ्यास किती बुडाला, तो भरून कसा काढायचा? चिंता रास्तच होती. पण तिच्या आधी एक काम होतं आणि त्याच्याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष गेलं. मूल वर्गात येतं तो एक दिवस असतो. ते वर्गात रुळतं त्याला कित्येक महिने लागतात. सकाळी वेळेवर उठणं, आईचा हात सोडणं, तीस मुलांच्या कलकलाटात बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, भांडून पुन्हा गट्टी करणं, हे सगळं मूल रोजच्या सरावाने शिकलेलं असतं. सराव तुटला की ते विसरतं. ते परत बसवल्याशिवाय पाठ्यपुस्तक पुढे ढकलण्यात अर्थ नसतो. गेल्या काही वर्षांत देशात आणि बाहेर जो अनुभव जमा झाला, त्याचा आढावा याच अंगाने घ्यायला हवा.

काय काय निसटलं

शाळाबंदीच्या काळात शिक्षण ऑनलाइन चालू होतं, असा समज शहरी मध्यमवर्गात पक्का आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१मध्ये पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत, गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं अवघी ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुलं अजिबात काही शिकत नव्हती. फोन घरात असला तरी तो कामावर गेलेल्या बापाच्या खिशात होता, किंवा त्यात रिचार्ज नव्हता.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांचा अभ्यास जाहीर केला. बुडालेला अभ्यास ही अर्धीच गोष्ट होती. आधी येत असलेलंही मुलं विसरली होती. आदल्या वर्षी अवगत असलेलं भाषेचं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी गमावलं होतं, गणितातलं ८२ टक्के मुलांनी. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीतही तेच दिसलं. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ साली २७.३ टक्के होती, २०२२मध्ये २०.५ टक्के उरली.

बाकीचं नुकसान आकड्यांत कमी सापडतं. चीनमधल्या फेचेंग शहरातल्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीत, सहा वर्षांच्या मुलांमध्ये जवळचंच दिसण्याचा दोष २०२०मध्ये २१.५ टक्क्यांना आढळला. त्याआधीच्या पाच वर्षांत तो ५.७ टक्क्यांच्या वर गेला नव्हता. संशोधक रॅसीन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २९ अभ्यासांमधल्या सुमारे ८१ हजार मुलांची माहिती एकत्र केली. त्यात साधारण चारांत एकाला नैराश्याची आणि पाचांत एकाला चिंतेची ठळक लक्षणं होती. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट होती. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ बंदीच्या काळात घरी वाटली गेली, पण पंगतीत मांडीला मांडी लावून खाल्लेली खिचडी घरी पोचवता येत नाही. मुलाच्या दिवसातली सोबतीने जेवण्याची वेळच नाहीशी झाली.

वयाप्रमाणे वेगळं दुखणं

'मुलं' म्हणून सरसकट बोललं की मदत चुकते. तीन वर्षांच्या आतल्या बाळांना घराबाहेरची माणसं दिसलीच नाहीत, दिसली तीही तोंडाला मास्क लावलेली. अशी काही मुलं उशिरा बोलू लागली, परक्याला पाहून आईच्या पदराआड जाण्याचं वय त्यांच्यात लांबलं. बहुतेक मुलांमध्ये माणसांचा राबता वाढला की हे निवळतं. दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर मात्र 'लॉकडाऊनचं मूल आहे' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये तपासणीला येतात आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत वाट आहे.

तीन ते सहा वयाची मुलं अंगणवाडी किंवा बालवाडी न पाहताच पहिलीत दाखल झाली. पहिलीच्या बाईंना यांची अडचण सर्वांत आधी दिसली. खडू धरायला बोटांत बळ नाही, चप्पल स्वतःची स्वतः काढता-घालता येत नाही, शू लागली हे सांगायची भीड, आणि दुसऱ्याने खेळणं उचललं की थेट रडू. ही मुलं मठ्ठ नव्हती. अंगणवाडीत दोन वर्षांत हळूहळू जे होतं ते झालेलं नव्हतं, एवढंच.

सहा ते दहा वयात मित्र, खेळाचे नियम आणि वाचन या तिन्ही गोष्टी एकदम पक्क्या होत असतात. दुसरीतून थेट चौथीत गेलेली मुलं बघा. 'मी खेळणार नाही जा' म्हणून रुसून बसलेल्याला परत कसं बोलवायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या वाढल्या आणि त्याच वेळी कोपऱ्यात एकटी उभी राहणारी मुलंही वाढली.

अकरा ते अठरा वयाच्या मुलांची गोष्ट सर्वांत कमी बोलली गेली. ज्या वयात मित्रच जग असतात त्या वयात जग पडद्यापुरतं उरलं. झोप रात्री दोनपर्यंत सरकली. दोन वर्षांत शरीर बदललं, आवाज फुटला, मुरमं आली, आणि मग एकाएकी सगळ्यांसमोर यायचं. कॅमेरा बंद ठेवून बोलण्याची सवय लागलेल्या मुलाला फळ्यापाशी उभं राहणं ही शिक्षाच वाटली. २०२१मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं 'कोरोना बॅच' हे बोलणं ऐकावं लागलं. परीक्षा रद्द करणारे मोठे होते, हिणवली गेली ती मुलं.

आपोआप सुरळीत होतं का?

'मुलंच ती, चार दिवसांत रुळतील' हे वाक्य प्रत्येक घरात बोललं गेलं. याचा पडताळा घ्यायला दोन अनुभव शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

पहिला अनुभव २००५च्या ऑक्टोबरमधल्या काश्मीर भूकंपानंतरचा, पाकिस्तानातला. शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. घरं पुन्हा उभी राहिली, मुलं शाळेत परतली, बाहेरून सगळं सुरळीत दिसू लागलं. चार वर्षांनी अंद्राबी, डॅनियल्स आणि दास या अभ्यासकांनी मुलांची चाचणी घेतली तेव्हा भूकंपाच्या पट्ट्यातली मुलं बाहेरच्या मुलांपेक्षा दीड वर्षाने मागे होती. चौदा आठवड्यांच्या बंदीचं दीड वर्ष झालं! मुलं परतल्यावर वर्ग जिथे असायला हवा होता तिथूनच पुढे सुरू झाला, मागे राहिलेल्यांना त्यातलं काही कळेना, आणि खड्डा दर महिन्याला रुंदावत गेला, असाच याचा अर्थ लावावा लागतो. जिथे आई थोडीफार शिकलेली होती, तिथे ही घसरण झाली नाही.

दुसरा अनुभव तमिळनाडूचा. तिथल्या ग्रामीण भागातल्या सुमारे १९ हजार मुलांच्या चाचण्या अभिजित सिंग, मॉरिसियो रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी घेतल्या. शाळा उघडल्या तेव्हा घसरण मोठी होती. पण सहा महिन्यांत तिचा जवळपास दोन तृतीयांश भाग भरून निघाला. त्या भरपाईतला सुमारे चौथा हिस्सा 'इल्लम तेडि कल्वि' या योजनेमुळे झाल्याचं त्यांना आढळलं. ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वस्तीतल्याच तरुण स्वयंसेवक, बहुतेक स्त्रिया, संध्याकाळी घराजवळ मुलांना गोळा करून गोष्टी, गाणी, खेळ आणि वाचन घेत. मुलाला ओळखीचं माणूस, ओळखीची जागा आणि छोटा गट मिळाला.

देशाच्या आकड्यांतही ही उभारी दिसते. तिसरीतल्या वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण २०२४च्या 'असर'मध्ये २७.१ टक्क्यांवर आलं, म्हणजे २०१८च्या बरोबरीला. वजाबाकीत तर मुलं २०१८च्याही पुढे गेली. म्हणजे हे नुकसान कायमचं नसतं, पण ते भरून काढणारं माणूस लागतं.

घरात: परतीच्या पायऱ्या

दीर्घ एकांतानंतर मूल शाळेला नाही म्हणतं त्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो. भीती वाटते, म्हणून ते घरी राहतं. घरी राहिलं की भीती लगेच ओसरते. आणि तो दिलासा इतका गोड असतो की दुसऱ्या दिवशी जाणं आणखी जड होतं. रविवारी रात्रीपासून पोटात दुखतं, सोमवारी शाळेची वेळ टळली की थांबतं. ते दुखणं खोटं नसतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं आणि शरीरात काही नाही असं कळलं की पायऱ्या पाडाव्यात.

समजा तिसरीतली मुलगी आहे. पहिल्या रविवारी तिला घेऊन नुसतं शाळेच्या फाटकापर्यंत फिरून यावं. मग एखाद्या संध्याकाळी वर्गातल्या एकाच मैत्रिणीला घरी बोलवावं; दहा जणींचा घोळका नको. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं बाईंना भेटवावं, तिचा बाक कुठला ते दाखवावं. पहिले काही दिवस मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, बाईंशी तसं ठरवून. मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर थोडं रडू येणार हे धरून चालावं; रडू आलं म्हणून पायरी सोडू नये आणि रडू थांबावं म्हणून दोन पायऱ्या एकदम चढवू नयेत. नजर चुकवून निघून जाणं हे सर्वांत वाईट. 'मी आता जाते, शाळा सुटली की याच फाटकाशी उभी असेन' असं सांगून जावं आणि घंटेच्या आधी खरंच तिथे उभं राहावं. शब्द पाळला गेला की मुलीची भीती निम्मी होते.

झोप आणि मोबाइल हे प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. शाळेच्या आदल्या रात्री एकदम नऊला झोपवून उपयोग नाही. आठवडाभर रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे सरकावं. मोबाइल हिसकावून घेतला की घरात युद्ध होतं, कारण त्या काळात मुलाचे सगळे मित्र त्याच खोक्यात होते. त्याच्या जागी अंगण, मैदान, सायकल, आजोबांबरोबर पत्ते असं काही ठेवलं तरच तो सुटतो. आणि 'शाळेत काय शिकवलं?' याऐवजी 'डबा कुणाबरोबर खाल्लास?' हे विचारावं. मूल रुळतंय का, हे त्या उत्तरातून कळतं.

किशोरवयीन मुलांना पायऱ्या आपण पाडून देऊ नयेत, त्यांच्याबरोबर बसून पाडाव्यात. त्यांचं ऐकताना लगेच उपाय सांगण्याचा मोह आवरावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास आहे, खाणंपिणं-झोप बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या आहेत, तर तज्ज्ञांकडे न्यावं. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलासाठी १०९८ ही मदतवाहिनी आहेच.

वर्गात: जिथे मूल आहे तिथून

महाराष्ट्राने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०२१पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आखला गेला, पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला. सोलापूरच्या नीलम नगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. अनेक गावांत पारावर, देवळाच्या ओसरीवर चार-चार मुलांचे वर्ग भरले. पण सेतू अभ्यास आला तेव्हा बहुतेक शाळा बंदच होत्या. कृतिपत्रिका मोबाइलवर आल्या आणि ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज होती त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोचल्या.

त्यामानाने २०२२च्या उन्हाळ्यातलं 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान मला फार मोलाचं वाटतं. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा शाळेच्या पटांगणात भरायचा. एका टेबलापाशी मूल दोरीवर उड्या मारतं, दुसऱ्यापाशी मणी ओवतं, तिसऱ्यापाशी चित्र बघून गोष्ट सांगतं, आणि आई शेजारी उभी राहून बघते. मग वाडीतल्या आयांचे गट करून त्यांना घरी करायच्या गोष्टींची कार्डं दिली गेली: भाजी निवडताना रंग ओळखणं, धान्याचे ढीग मोजणं. काश्मीरच्या अनुभवात आईचं शिक्षण मुलाला तारून नेतं हे दिसलं होतं. इथे कमी शिकलेल्या आईलाही तो वाटा उचलता यावा अशी सोय झाली.

मोठ्या वर्गांसाठी वाट 'प्रथम' या संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी घालून दिली आहे. शिक्षक एकेका मुलाला जवळ घेऊन बसतात. समोर एकच कागद: अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा, एक छोटी गोष्ट. उतारा आधी वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तेही नाही जमलं तर अक्षरं. काही मिनिटांत कळतं की हे मूल कुठे उभं आहे. मग रोज तास-दोन तास इयत्ता विसरून त्या पायरीवरच्या मुलांचा गट करायचा. या पद्धतीचा एक फायदा आकड्यांत येत नाही. शिक्षक त्या मुलाकडे एकट्याकडे बघतात. महिनोन् महिने कुणीही एकट्याकडे न बघितलेल्या मुलासाठी ते फार मोठं असतं.

शाळेने याशिवाय तीन गोष्टी कराव्यात, ज्यांना पैसा लागत नाही. पहिले दोन आठवडे परीक्षा घेऊ नये. चाचणी घ्यायचीच तर वरच्यासारखी, मार्क न देता. परिपाठानंतर रोज वीस मिनिटं मुलांना गोल बसवून बोलू द्यावं, ज्याला बोलायचं नाही त्याला चित्र काढू द्यावं. आणि मधली सुट्टी व खेळाचा तास अभ्यास भरून काढण्यासाठी कापू नये. मुलांची गाडी रुळावर येते ती तिथेच. लंगडीत बाद झालेलं मूल बाहेर जाऊन बसतं आणि पुढच्या डावात परत येतं. हरणं आणि परत येणं याचा सराव त्याला दुसरा कुठला तास देत नाही.

यासाठी आपल्याला दूर बघायचीही गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही रीत आपल्याच मातीतली आहे.

जी परतलीच नाहीत

शाळा उघडल्या तेव्हा हजेरीपटावरची सगळी नावं परतली नाहीत. काही मुलं कामाला लागली. काही मुलींची लग्नं उरकली गेली, कारण घरात थोड्या माणसांत, थोड्या खर्चात लग्न होत होतं. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवलं आहे. या प्रथेला टाळेबंदीने वाट मोकळी करून दिली.

आणि काही मुलं परतली ती आई किंवा बाप गमावून. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२२ या काळात देशातल्या १,४७,४९२ मुलांनी पालक गमावले किंवा ती टाकली गेली, अशी नोंद राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिली. यांतल्या १ लाख ३६ हजारांहून अधिक मुलांचा एक पालक गेला. महाराष्ट्राने दोन्ही पालक गमावलेल्यांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, बालसंगोपन योजनेतून इतरांना महिन्याचं अनुदान दिलं. पैसा हवाच. पण अशा मुलाला शाळेत आणखी एक गोष्ट लागते: त्याचं दुःख ठाऊक असलेलं, पण सगळ्यांसमोर कीव न करणारं एक माणूस. 'बाबांची सही आण' असं अनवधानानेही कुणी म्हणू नये, एवढी काळजी शाळेला घेता येते. पालक सभेला आजी किंवा मामा आले तर त्यांनाही तितक्याच मानाने बसवता येतं.

दरवर्षीचं परतणं

ही साथ सरली म्हणून हा विषय मिटत नाही. मुलं शाळेत परत येण्याचा प्रसंग महाराष्ट्रात दरवर्षी घडतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या मुलांना हंगामी वसतिगृह मिळत नाही ती फडात राहतात आणि जूनमध्ये पुन्हा वर्गात येऊन बसतात. कॅन्सरच्या उपचारासाठी महिनोन् महिने मुंबईत परळला राहिलेलं मूल केस गेलेल्या डोक्याने गावच्या शाळेत परततं, आणि काय बोलावं हे वर्गातल्या कुणालाच कळत नाही. पूर, अपघात, घरातलं आजारपण, लांबलेला आजार, कारणं निराळी असली तरी मुलापुढचा डोंगर सारखाच असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद २००९पासून आहे. ती बहुधा पटनोंदणीच्या मोहिमेपुरती आठवते. तिचा खरा उपयोग परतणाऱ्या प्रत्येक मुलासाठी व्हावा. शाळेत एक शिक्षक या कामासाठी नेमलेला असावा. मूल कुणाशी बोलतं, काय वाचू शकतं, डबा कुणाबरोबर खातं, याची पहिल्या महिन्यात नोंद व्हावी. मधल्या सुट्टीपर्यंतची शाळा, छोटा गट, वस्तीतला संध्याकाळचा वर्ग, यांना अधिकृत मान्यता असावी, म्हणजे मुख्याध्यापकांना परवानगीसाठी वर बघावं लागणार नाही. अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर किती धडे झाले याच्या जोडीने किती मुलं रुळली हेही विचारावं. त्या एकवीस महिन्यांत मुलांनी जी किंमत मोजली, तिच्या मोबदल्यात एवढी कायमची व्यवस्था उभी करणं हे आपलं, मोठ्यांचं, देणं आहे.